सेट घ्या, पण पासवर्ड आपल्या हातात ठेवा

गंगाखेडच्या दादांनी विचारलंय, किराणा दुकानासाठी डीलर बिलिंगचं मशीन, प्रिंटर, स्कॅनर, सॉफ्टवेअर असा अख्खा सेट देतोय, घेऊ का? कोणती कंपनी चांगली ते मी सांगणार नाही. पण "सगळं आम्हीच करून देतो, तुम्हाला काही बघायचं कामच नाही" हे डीलरचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. सेलूला आमच्या दुकानात हेच ऐकलं होतं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. त्याच दिवशी घटस्थापना. भगर, साबुदाण्याला गर्दी. बिस्किट, अंगाचा साबण, शाम्पू १८ टक्क्यांवरून ५ वर, तूप आणि फरसाण १२ वरून ५ वर, कपडे धुण्याची पावडर मात्र १८ वरच. म्हणजे सरसकट बदलूनही भागत नव्हतं. दर बदलायची चावी आमच्या लॉगिनला नव्हतीच, ती डीलरच्या लॉगिनला. एक गुरुजी बिल धरून उभे: "टीव्हीवर पाच सांगायलेत, तुमच्या बिलावर अठरा कसे?" डीलर म्हणे, "साहेब, वरून अपडेट यायलंय." कंपनीच्या हेल्पलाइनला लावलं तर तक्रार क्रमांकाचा मेसेज, आणि काही न होताच दुसरा मेसेज, 'तक्रार निकाली'. वार्षिक नूतनीकरणाच्या वेळी मात्र हेच लोक सकाळी उठल्याबरोबर फोन करतात! शेवटी कार्बनचं जुनं बिलबुक काढलं.

त्यामुळे पैसे देण्याआधी डीलरला समोर बसवा. मालकाचं लॉगिन माझ्या मोबाइल नंबरवर कर म्हणा, एका वस्तूचा जीएसटीचा दर स्वतः बदलून बघा, आणि मालाची व उधारीची पूर्ण यादी एक्सेलमध्ये काढून दाखवायला लावा. का-कू केली तर सरळ उठून या. नेट बंद करूनही बिल निघतं का, तेही तेव्हाच. आपल्याकडच्या लाइटीचं काही खरं नाही.

तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या योजनेत असाल (वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत, १ टक्का कर) तर बिलावर कर लावायचाच नसतो, तुम्हाला ही दरांची कटकट कमी. मी सीए नाही, तुमच्या करसल्लागाराला विचारा.

प्रिंटर दोन इंची कागदाचा चालतो. पण त्यावर 'ज्वारी' छापून बघा, स्वस्त प्रिंटरवर जोडाक्षरं फुटतात. आणि थर्मल (उष्णतेनं छापणाऱ्या) कागदाच्या भरवशावर उधारी ठेवू नका. सोयाबीन विकून गिऱ्हाईक पैसे द्यायला येतं तोवर पावती पांढरी झालेली असते. सही वहीतच घ्यायची, मशीन कितीही भारी असो.

डीलर लॉगिनबद्दल काय म्हणतो ते कळवा.