घरी केलेला पाव उरला आणि कडक झाला, तर टाकून द्यावा का?

अजिबात टाकू नका. आणि आधी सांगा, तुम्ही तो फ्रीजमध्ये तर ठेवत नाही ना?

एवढ्या पोटतिडकीने विचारतेय, कारण यावरून आमच्या घरी जुना वाद आहे. मोठ्या जाऊबाईंना उरलेलं काहीही दिसलं की फ्रीजमध्ये सारायची सवय. एकदा पाहुणे होते म्हणून मी रात्रीच कणीक मळून, आंबवून सकाळी पाव भाजले. एक उरला, तो कापडात गुंडाळून ओट्यावर ठेवला. ताईंनी तो परस्पर फ्रीजमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी कापायला घेतला तर सुरीखाली नुसता भुगा. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "घरचा पाव असाच होतो, विकतचा आणायचा." आणि निघाल्या कचऱ्याच्या डब्याकडे! मी तो हातातून काढून घेतला, वरच्या कवचावर पाण्याचा हात फिरवला आणि १८० अंशांवर 15 मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला. वरून कुरकुरीत, आतून वाफाळता मऊ. पाहुण्यांनी कापेपर्यंत धीर धरला नाही, हातानेच तोडून संपवला. ताई गप्प बसल्या, पण फ्रीज काही सुटला नाही.

पाव नुसता वाळून कडक होत नाही. भाजताना फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा घट्ट होत जातो, आणि फ्रीजच्या थंडीत तर फार झपाट्याने. साधारण ६० अंशांच्या वर तापला की पुन्हा सैल पडतो. म्हणून तो मऊ झाला. अर्थात तेवढ्यापुरताच, गार व्हायच्या आत खायचा.

पार वाळलेला असेल तर मिक्सरमधून चुरा काढा, कटलेटला लावा. तुकडे तेल-लसूण लावून भाजले की सूपमध्ये छान लागतात. मी मात्र बहुतेक वेळा शिळा पाव पाण्यात भिजवते, पिळते आणि पुढच्या पावाच्या पिठात मळते. पिठाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच घ्यायचा, जास्त झाला तर पाव चिकट होतो. चव मुरलेली येते आणि नवा पाव जास्त दिवस ओलसर राहतो.

हो, बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी अख्खा पाव टाका. तेवढाच भाग कापून चालत नाही, तंतू आतवर गेलेले असतात. फ्रीजमध्ये बुरशी उशिरा धरते, हे ताईंचं म्हणणं खरं आहे. पण त्यासाठी काप करून, घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवता येतात आणि लागतील तसे थेट टोस्टरमध्ये घालता येतात. मग खालच्या कप्प्याचा हट्ट कशाला?