टाक एकदा बुडवला की तीन-चार शब्दांतच कोरडा पडतो, जास्त कसं लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नवीन टाक घेतलाय, टोकदार निब आहे, शाई फाउंटन पेनची, कागद साधा झेरॉक्सचा, लिहायचंय देवनागरी, आणि एकदा बुडवलं की तीन-चार शब्दांत संपतं, वर पहिल्या अक्षरावर डाग पडतो तो वेगळाच. आणि तुम्ही पणजीत राहता, हे पण लिहिलंय ते बरं केलंत, त्याचा संबंध आहे, खाली येतो त्यावर.

आता बघा, डाग पण पडतो आणि लगेच संपते पण, या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. शाई कमी पडत नाहीये तुम्हाला, ती पहिल्या दोन अक्षरांतच सगळी खाली उतरून जातेय. त्यामुळे निबमध्ये अजून शाई कशी कोंबता येईल हा विचार आधी बाजूला ठेवा, आहे तीच हळू कशी उतरेल ते बघायचं. बहुतेक लोक इथंच चुकीच्या दिशेला जातात, मोठी निब मागवतात, महाग होल्डर मागवतात, आणि तेच रडगाणं चालू राहतं.

निबच्या पोटाला, म्हणजे खालच्या खोलगट बाजूला, शाईचा थर चिकटून राहतो. वरच्या बाजूला जी दिसते ती फारशी कामाची नाही. मधली चीर त्या थरातून शाई ओढून टोकाशी आणते आणि टोक कागदाला लागलं की कागद ती ओढून घेतो. म्हणजे एका बाजूला निब धरून ठेवतेय आणि दुसऱ्या बाजूला कागद खेचतोय. निबची पकड कमी झाली, शाई फार पातळ असली किंवा कागद हावरा असला की पहिल्याच अक्षराला सगळं गेलं.

पहिली गोष्ट, आणि नव्या निबला बहुतेक वेळा हीच असते, तेल. निब गंजू नये म्हणून कारखान्यातच तिच्यावर तेलाचा नाहीतर लाखेसारखा पातळ थर देतात. त्याच्यावर शाई पसरतच नाही, थेंब थेंब होऊन बसते आणि मग एकदम घसरते. बुडवून बाहेर काढल्यावर निबच्या पोटाकडे बघा, शाई सगळीकडे सारखी पसरलेली दिसली पाहिजे, मधे मधे चकाकता धातू दिसत असेल तर तेल आहेच. जुन्या पेस्टनं, टूथपेस्ट हो, बोटावर घेऊन दोन्ही बाजूंनी चोळा, धुवा, पुसा. भांड्याचा साबण पण चालतो पण नीट धुवून टाका, साबणाचा अंश राहिला तर शाई उलट जास्तच वाहते. जुनी माणसं नवी निब सरळ तोंडात धरून थुंकीनं ओली करायची, ते पण चालतं म्हणतात लोक, मी कोणाला सुचवणार नाही. काडीपेटीच्या ज्योतीवरून निब फिरवायची पद्धत पण आहे, पण सेकंदभर जास्त राहिली तर स्टीलचं पाणी उतरतं आणि निब मऊ पडते, मग ती वाकली की परत जागेवर येत नाही. टायटॅनियमचा मुलामा वगैरे असलेली निब असेल तर ज्योत नकोच. पेस्ट बरी.

दुसरी गोष्ट शाई, आणि तुमच्या बाबतीत अर्धं दुखणं इथं आहे. फाउंटन पेनची शाई मुद्दाम पातळ आणि वाहती केलेली असते कारण तिला पेनातल्या फीडच्या, म्हणजे निबखालच्या शाई पोचवणाऱ्या तुकड्याच्या, बारीक वाटेतून जायचं असतं. पेनात ते चालतं कारण फीड तिला आवरून धरतो, त्याला कंगव्यासारख्या चिरा असतात त्यात जास्तीची शाई थांबते. टाकाला असलं काहीच नाही, नुसती निब. म्हणून तीच शाई टाकातून धो धो जाते. टाकासाठी शाई जरा अंगानं भरलेली पाहिजे. पूर्वी हे लिहिणाऱ्याच्याच हातात असायचं, शाईच्या पुड्या नि गोळ्या मिळायच्या, पाण्यात आपणच कालवायच्या. कॅम्लिनवाल्या दांडेकरांनी १९३१ साली धंदा सुरू केला तोच असल्या पुड्या-गोळ्यांवर, हॉर्स ब्रँड नावानं. पाणी किती घालायचं ते तुम्ही ठरवणार, म्हणजे घट्ट-पातळ तुमच्यावर.

आता बाटलीतल्या शाईला घट्ट करायचं तर गम अरेबिक, म्हणजे डिंकच, आर्टच्या दुकानात पातळ केलेला बाटलीत मिळतो. थोडी शाई वेगळ्या छोट्या बाटलीत काढा (बामची काचेची रिकामी डबी मस्त, तोंड रुंद असतं) आणि त्यात डिंक थेंबाथेंबानं घालत, दर थेंबाला ढवळून, लिहून बघत जा. रेघ बारीक आणि काठाला स्वच्छ यायला लागली की थांबायचं. जास्त झाला तर निब चिकटते, चिरेतून शाई सुटतच नाही, मग पाण्याचा एक थेंब घालून मागं यायचं. बाजारात लाडवाचा डिंक मिळतो तो भिजवून गाळून घातला तरी काम होतं, काजळ आणि डिंकाची शाई आपल्याकडे पोथ्यांना शतकानुशतकं वापरलीय, फक्त गाळायचा कंटाळा करू नका. डिंकाच्या शाईला आपल्या हवेत बुरशी धरते, एखादी लवंग टाकून ठेवायची जुनी युक्ती आहे. आणि हे मोठ्या अक्षरात लिहिलंय असं समजा, डिंक घातलेली शाई परत फाउंटन पेनात भरायची नाही, पेन कायमचा चोक होतो. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक पण पेनात नको. टाकाला ती चांगली, दाट असते, पण निबवर सुकली की दगड, म्हणून लिहिता लिहिता मधे मधे निब पाण्यात बुचकळून पुसत राहायचं.

याहून चांगली कोणती म्हणाल तर आयर्न गॉल शाई, मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. ती निबला छान धरून राहते, रेघ अगदी बारीक येते, लिहिताना फिकी असते आणि हवा लागून काळी पडत जाते. पण आम्लधर्मी असते. पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज काळातली दप्तरं आहेत, त्यातल्या काही पानांवर शाईनं अक्षरांच्या जागी कागदच खाल्लाय, ते असल्याच शाईचं काम. हल्लीच्या कंपन्या सौम्य बनवतात, तरी निब लवकर जाते, लिहून झालं की लगेच धुवायला लागते.

कागद. झेरॉक्सचा कागद टाकासाठी वाईटच, तो पितो. त्याच्यावर रेघ फुटते, केसाळ होते, आणि एका अक्षराची शाई दोन अक्षरांइतकी जाते. लेजर पेपर घ्या (ledger, हिशोबाच्या वह्यांचा, लेसर प्रिंटरचा नव्हे), किंवा चांगला बॉण्ड, ज्याला वरून नीट साइझिंग, म्हणजे शाई पिऊ नये म्हणून दिलेला लेप, असतं. एखाद्या छापखान्यात ओळख असेल तर फार सोपं, मॅपलिथोची नाहीतर लेजरची कटिंगं पडलेली असतात, वेगवेगळ्या जाडीची मागून आणा आणि प्रत्येकावर एकच ओळ लिहून बघा. फक्त चकचकीत आर्ट पेपर नको, त्याच्यावर शाई नुसती तरंगत राहते आणि हाताला लागते.

आणि इथं गोव्याचा मुद्दा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच इतकी ओली असते की चांगला कागद पण दमट होतो आणि फुटायला लागतो. मे महिन्यात ज्याच्यावर सुंदर लिहिलं त्याच रिमवर चवथीच्या सुमाराला रेघ पसरते आणि माणसाला वाटतं हातच बिघडला. कागद हवाबंद डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या (बुटांच्या खोक्यातल्या जपून ठेवा), आणि लिहायच्या आधी अगदी हलकी कोमट इस्त्री फिरवा, वाफ न सोडता. फरक लगेच कळतो. एक फायदा पण आहे आपल्या हवेचा, निबवर शाई सुकायला वेळ लागतो, कोरड्या गावात निब मिनिटात चोंदते तसं होत नाही. फक्त डोक्यावरचा पंखा बंद करून लिहा, तो सगळा फायदा घालवतो.

हाताचं सांगायचं तर दोनच गोष्टी. एक, टाक जितका उभा धराल तितकी शाई वेगानं उतरते. म्हणून कॅलिग्राफीवाले उतरत्या फळीवर लिहितात, फळी तिरकी असली की टाक जवळजवळ आडवा राहतो आणि शाई आपसूक हळू येते. आपले कारकून लोक उतरत्या झाकणाच्या मेजावर लिहायचे, त्यात मान वाचायची आणि शाई पण. घरात असलं मेज नसेल तर पोळपाटाखाली, म्हणजे पोळपाट नको, ड्रॉइंग बोर्डाखाली दोन जाड पुस्तकं ठेवा, झालं. दुसरं म्हणजे दाब. दाबलं की निबची दोन पाती फाकतात आणि रेघ दुप्पट-तिप्पट रुंद होते, शाई पण त्याच हिशोबानं जाते. बॉलपेनची सवय असलेला प्रत्येक माणूस टाक दाबतो. टोक कागदावर नुसतं टेकवून ओढा, दाब फक्त जिथं जाड रेघ हवीय तिथं, आणि तो पण खाली येताना, वर जाताना नाही.

हे सगळं केल्यावर, आणि मगच, निबला साठा जोडायचा. पितळेचं छोटं रिझर्व्हॉयर काही निबांबरोबर मिळतं, मिचेलच्या चपट्या निबला ते खालून सरकवायचं असतं, स्पीडबॉलच्या सी सिरीजच्या निबांना जोडूनच येतं. टोकदार निबला घरीच करता येतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार काढा, जाड सुईवर चार-पाच वेढे घट्ट घाला, सुई काढा, जी बारकी स्प्रिंग होईल ती निबच्या पोटाशी ठेवून मागचं टोक निबबरोबर होल्डरमध्ये खोचा. वेढे निबच्या भोकाच्या (चिरेच्या वरच्या टोकाला असतं ते) जरा पुढंपर्यंत यावेत आणि पोटाला हलके टेकावेत. वेढ्यांच्या मधल्या जागेत शाई अडकून बसते आणि चिरेला लागेल तशी मिळत राहते. बॉलपेनची स्प्रिंग कापून पण होतं पण ती जरा जाड पडते. स्प्रिंग टोकाच्या फार जवळ गेली तर डाग पडणार, मग मिलिमीटरभर मागं ओढायची. पातळ शाई असेल तर मात्र या स्प्रिंगचा उपयोग उलटा होतो, जास्त शाई म्हणजे जास्त मोठा डाग, म्हणून तर शेवटी सांगतोय.

बुडवताना भोक बुडेल इतकंच, होल्डरपर्यंत नाही. बाहेर काढताना सावकाश, आणि टोक बाटलीच्या काठाला एकदा हलकं टेकवायचं. बरेच जण काठावर निब वरून-खालून पुसून काढतात, म्हणजे जी शाई लिहायला हवी तीच परत बाटलीत. त्यापेक्षा ड्रॉपरनं किंवा जुन्या ब्रशनं निबच्या पोटाला शाई लावा, साठा दर वेळी सारखा राहतो. भोकावर शाईचा पडदा असतो तो फुटला की समजायचं आता थोडीच उरलीय.

देवनागरीत शिरोरेघ हा वेगळाच खर्च आहे. प्रत्येक शब्दाला ती मारताना हात थांबतो, उचलतो, परत टेकतो, आणि प्रत्येक टेकण्याला शाईचा जरा जास्त घोट जातो. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायचे आणि मग बोरूनं अक्षरं तिला टांगत जायचे, हात कमीत कमी उचलून. तुम्ही पण हे करून बघा, ओळीची रेघ आधी, ती वाळू द्यायची, मग अक्षरं. शब्द तोडून दाखवायचे असतील तर रेघ शब्दाशब्दाची वेगळी मारा, पण आधीच. आणि चपट्या कट निबवर जाणार असाल तर लक्षात ठेवा, देवनागरीचा कट रोमनच्या उलट्या बाजूला असतो, ऑनलाइन सरळ मागवाल तर भलतीच येईल, आणि चपटी निब टोकदार निबपेक्षा शाई कितीतरी जास्त खाते.

निब कोणती म्हणाल तर निको जी घ्या, ताठ असते, नवशिक्याला सोसते. ब्राउझ ३६१ मोठी आहे, पोटात जास्त मावतं पण मऊ असल्यानं दाबणाऱ्या हाताला ती महागात पडते. गिलॉट ३०३ इतक्यात नको. आणि जाड-बारीक रेघेची हौसच नसेल, नुसतं बुडवून भरपूर लिहायचं असेल, तर सरळ काचेचा टाक घ्या, त्याच्या टोकाला पिळाच्या खाचा असतात त्यात शाई राहते आणि एका बुडवण्यात अर्धं-पाऊण पान निघतं, तुमची आहे तीच फाउंटन पेनची शाई त्याला चालते.

चांगल्या टोकदार निबनं, दाट शाई नि बऱ्या कागदावर, दोन-तीन ओळी निघाल्या की ते भरपूर आहे. त्याच्या पुढं ओढत गेलात तर ओळीच्या शेवटी शाई फिकी पडते आणि परत बुडवल्यावर पुढचा शब्द एकदम काळा, पान ठिगळं लावल्यासारखं दिसतं. म्हणून संपायची वाट न बघता शब्द संपला की बुडवा, अक्षराच्या मधे नाही, आणि पहिला टेका रद्दी कागदावर.

आधी फक्त पेस्टनं निब घासून आणि लेजर कागदावर लिहून बघा, शाईला हात न लावता. तरीही डाग पडत असेल तर निबवर कोरलेलं नाव आणि नंबर खाली टाका, आणि बुडवल्यानंतरचा निबच्या पोटाचा फोटो, म्हणजे पुढचं सांगता येईल.