मोठी गाडी घ्यायची की नाही?

प्रिय दोस्ता,

मोठी मोटरसायकल, तीही सुपरस्पोर्ट म्हणजे रेसिंगच्या धाटणीची वेगवान गाडी, घ्यावी का, असं तू विचारलंस. तुझ्या पत्रात हॉर्सपॉवर आली, टॉप स्पीड आला, शून्य ते शंभरला किती सेकंद लागतात तेही आलं. आताच्या गाडीवर नेमकं काय कमी पडतंय, तेवढंच राहिलं. निर्णय बराचसा त्यावरच आहे. ओव्हरटेक करताना पिकअप कमी पडत असेल, तर त्यासाठी सुपरस्पोर्ट लागत नाही. वळणात गाडी डोलत असेल, तर आधी टायरची हवा आणि मागचं सस्पेन्शन बघ. आणि नुसती आवडली म्हणून हवी असेल, तर तसं सरळ सांग. मला ते कारण सगळ्यात जास्त पटतं. अशा गाड्या हिशेब मांडून कोण घेतं?

ताकदीची भीती मला सरळ रस्त्यावर वाटत नाही. तिथे एक्सिलरेटरची मूठ पिळणं कुणालाही जमतं. खरा घोळ वळणात होतो. तू वळणात आहेस, पुढे खड्डा दिसतो, अंग दचकतं आणि मनगट नकळत अर्धा इंच फिरतं. आताच्या गाडीवर त्या अर्ध्या इंचाने फारसं बिघडत नाही. लिटर क्लासची, म्हणजे सुमारे 1000 सीसीची गाडी पहिल्याच गिअरमध्ये ताशी 150 किलोमीटरच्या आसपास जाते. तिच्यावर तेवढ्यात मागचा टायर पकड सोडू शकतो. ब्रेकचंही तेच. पुढे दोन मोठ्या डिस्क असतात, आणि लिव्हर घाबरून एकदम आवळला तर वजन पुढच्या चाकावर सरकायच्या आतच ते चाक लॉक व्हायला बघतं. आधी हलकं दाबायचं, फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, खाली बसला की मग जोर वाढवायचा, हे हाताला विचार न करता यायला हवं. रिकाम्या मैदानावर, हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट सगळं घालून, आहे त्याच गाडीवर साठच्या वेगातून थांबून बघ. दर वेळी जवळपास त्याच अंतरात, गाडी वाकडी न होता थांबतोस का? नसेल, तर मोठी गाडी ते शिकवणार नाही.

तू म्हणशील, आता ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस आहे, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, ओल्या रस्त्यासाठी ताकद मवाळ करणारा रेन मोड आहे. आहेत, आणि ते असलेलीच गाडी घे, यात मी वाद घालणार नाही. पण वळणात वेग जास्त घेऊन शिरलास, तर टायरला पेलत नाही ती पकड कुठलाही सेन्सर आणून देत नाही. शंभरच्या वेगात एका सेकंदात जवळपास 28 मीटर जातात, वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. संगणक असला तरी हे गणित बदलत नाही.

युरोपात मोटरसायकलचं लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. मधल्या टप्प्यावर गाडीची ताकद 35 किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे 47 हॉर्सपॉवर. तुला कायदा अडवत नसेल, तरी पायरी शहाणपणाची आहे. माझं मत विचारशील तर 650 सीसीच्या दोन सिलिंडरच्या गाडीवर एक-दोन वर्षं काढ. ती खालच्या आणि मधल्या आरपीएमला ओढते, म्हणजे रोजच्या रस्त्यावर तिची ताकद तुझ्या हाताला लागते. चार सिलिंडरच्या 600 सीसी सुपरस्पोर्टचं खरं तेज दहा हजार आरपीएमच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत रस्त्यावरचा वेग बेकायदा झालेला असतो. तरीही मन तिच्यावरच असेल, तर रेसिंग ट्रॅकवर चालवायची सोय होईल का ते आधी बघ. टायरच्या कडा किती घासल्यात, म्हणजे गाडी वळणात किती झुकवली, यावरून चालक ओळखणाऱ्यांचं ऐकू नकोस, त्यातले निम्मे पार्किंगमधलेच विद्वान असतात.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते. सुपरस्पोर्टच्या खाली लावलेल्या हँडलमुळे वजन मनगटावर येतं. टाकी गुडघ्यांनी धरून पोटाच्या बळावर बसायची सवय नसेल, तर तासाभरात हात बधिर होतात, आणि बधिर हाताला ब्रेकची जाणीव राहत नाही. ट्रॅफिकमध्ये इंजिनची गरम हवा थेट मांडीवर येते. अरुंद जागेत यू-टर्न घेताना हँडल पूर्ण फिरतं आणि अंगठा टाकीशी चेपतो. मऊ रबराचा मागचा टायर काही हजार किलोमीटरमध्येच संपतो, तो खर्च आधीच धरून ठेव. जॅकेट, बूट, हातमोजे आणि चांगलं हेल्मेट यांचे पैसे गाडीच्या किमतीतच मिळवून बघ. ते जमत नसेल, तर ती गाडी परवडत नाही.

ट्रायलला जाशील तेव्हा चौकापर्यंत फिरवून आणू नकोस. परवानगी घेऊन तासभर तरी चालव, त्यात थोडं ट्रॅफिक आणि एक यू-टर्न असू दे. उतरल्यावर आधी काय दुखलं ते मला लिही. गाडी किती पळाली, ते नंतर.

तुझा,
दादा