कंसातल्या ८० ला मराठीत काय म्हणायचं?

सांगलीच्या एका ताईंचे वडील मिरजेत आयसीयूमध्ये आहेत. मॉनिटरवर ११२/६४ आणि शेजारी कंसात ८० दिसतं. सिस्टर त्याला ‘मॅप’ (मीन आर्टेरियल प्रेशर) म्हणतात, भाऊ ‘सरासरी बीपी’ म्हणतो. पण ११२ आणि ६४ ची सरासरी तर ८८ येते. मग शब्द चुकला की आकडा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, दोन्ही बरोबर आहेत. ‘बेरीज करा, दोनने भागा’ ही सरासरीची एक तऱ्हा झाली. मार्केट यार्डात समजा तुमची दोन क्विंटल हळद १२ हजारांनी गेली आणि एक क्विंटल १५ हजारांनी. सरासरी दर साडेतेरा हजार कुणी धरेल का? तेराच धरतील, कारण कमी भावाने माल जास्त गेला. हृदयाचंही तसंच आहे. माणूस निवांत पडलेला असताना एका ठोक्यात आकुंचनाला साधारण एक हिस्सा वेळ जातो, सैल राहण्यात दोन. खालच्या दाबाचं वजन दुप्पट. म्हणून ११२ मधून ६४ वजा करा, ४८. त्याचा तिसरा हिस्सा १६, तो ६४ मध्ये मिळवा: ८०. ठोके फार जलद असले की हा हिशेब ढळतो. शिवाय दंडाच्या पट्ट्याचं यंत्र हा दाब पट्ट्यातल्या कंपनांवरून थेट ओळखतं, त्यामुळे एखाद-दुसऱ्या आकड्याचा फरक दिसला तर घाबरू नका.

आता शब्द. शाळेच्या पुस्तकात मध्य (म्हणजे ‘मीन’), मध्यक, बहुलक अशी जोडगोळी नव्हे, तिकडी आहे. त्या हिशेबाने ‘मध्य धमनीदाब’ शास्त्रशुद्ध ठरेल. तरी मला तो नको वाटतो. बोलण्यात मध्य म्हणजे मधोमध, आणि मधोमध तर ८८ च आहे! ‘सरासरी’ फारसीतून आला. तिथे ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका ठोक्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा दाब सांगायला याहून नेमका शब्द शोधून सापडायचा नाही.

अडचण आहे ती नुसत्या ‘सरासरी बीपी’ची. रोज सकाळ-संध्याकाळ वहीत बीपी लिहिणाऱ्याला तो आठवड्याच्या नोंदींची सरासरी वाटेल. म्हणून माझी पसंती ‘धमनीतला सरासरी दाब’ला. जुन्या पुस्तकांत धमनीला रोहिणी म्हणत. किती गोड शब्द! पण आज रोहिणी म्हटलं की नक्षत्रच आठवतं.

वॉर्डात ‘मॅप’च म्हणा, तिथे वेळ महत्त्वाचा. सेप्सिससारख्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात अशा) आजारात डॉक्टर तो निदान ६५ तरी राहावा असं बघतात. तुमच्या वडिलांना किती हवा, ते त्यांनाच विचारा. घरी आईंना सांगताना मात्र ‘मेंदूला, किडनीला रक्त पोचवणारा सरासरी दाब ८० आहे’ असं सांगा.