गाडीला पुढे नेमकं कोण ढकलतं, इंजिन की रस्ता?

इंजिन चाक फिरवतं, पण गाडीला पुढे ढकलतो तो रस्ताच. टायर रस्त्याला मागे रेटतो, रस्ता तेवढ्याच बलाने टायरला पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम. म्हणूनच चिखलात टायरला पकड मिळाली नाही, की कितीही रेस दिली तरी चाक जागच्या जागी गरगरतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हे: न घसरता धावणाऱ्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या तुलनेत चक्क स्थिर असतो! तिथलं स्थैतिक घर्षण (एकमेकांवर न घसरणाऱ्या पृष्ठभागांमधलं घर्षण) घसरत्या टायरच्या घर्षणापेक्षा जास्त मिळू शकतं. एबीएस (अँटी-लॉक ब्रेक यंत्रणा) ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ देत नाही ते यासाठीच.

एक मात्र मनावर घ्याच. वेग ताशी ४० वरून ८० किमी केला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतरही साधारण चौपट.