दोन रात्री, लहान मुलं, सोबत आई-बाबा आणि समुद्राकाठचं स्वस्तातलं रिसॉर्ट : जमतं का, आणि हॉटेल निवडायचं कसं?

जमतं, आणि मस्त जमतं. तुमचा प्रश्न असा आहे की मुलं 4 आणि 9 वर्षांची, सोबत आई-बाबा, हातात दोनच रात्री आणि बजेट कमी, तर स्वस्तातलं रिसॉर्ट घेऊन सगळ्यांचा विरस करण्यापेक्षा थोडं थांबून पैसे साठवून मोठ्या हॉटेलात जावं का. थांबू नका. 4 वर्षांच्या पोराला हॉटेलला किती स्टार आहेत ते कळत नाही, त्याला वाळू पाहिजे आणि पाणी पाहिजे. आम्ही दोघं, मुलं आणि सासूबाई असे नेहमी साध्याच हॉटेलात उतरतो आणि माझा अनुभव असा आहे की दोन रात्रींच्या ट्रिपमध्ये खोली किती भारी आहे यापेक्षा समुद्र तुम्हाला कुठल्या वेळी मिळतो यावर सगळं ठरतं.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी भरती-ओहोटीच्या वेळा, मग तारीख, मग हॉटेल.

हे जरा सविस्तर सांगते कारण हे फुकट आहे आणि फारसं कोणी बघत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी, त्यामुळे रोजची वेळ अंदाजे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी 7 ला पूर्ण ओहोटी असेल तर उद्या 7:50 च्या आसपास. आता लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी सपाट वाळूच्या किनाऱ्यावर सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ओहोटीच्या आगेमागे तासभर, तेव्हा ओली घट्ट वाळू लांबपर्यंत उघडी पडते, गुडघे दुखणाऱ्यांना तिच्यावरून चालता येतं, मुलांना उथळ डबकी सापडतात, किल्ले बांधता येतात. याच्या उलट पूर्ण भरतीला बऱ्याच किनाऱ्यांवर पाणी थेट बांधाला किंवा झाडांना लागतं आणि बसायलासुद्धा वाळू उरत नाही. आता तुम्हीच बघा, तुमच्या दोन दिवसांत सकाळी 6-7 ला भरती, परत संध्याकाळी 7 ला भरती आणि ओहोटी नेमकी भर दुपारी 1 ला असेल तर काय होणार? गार वेळेला वाळू नाही आणि वाळू असते तेव्हा ऊन डोक्यावर. मुलं खोलीत आणि सगळे वैतागलेले, आणि मग दोष हॉटेलला!

आता यातली गंमत अशी की रोज 50 मिनिटं म्हणजे सात दिवसांत जवळपास सहा तास. म्हणजे तारीख फक्त एक आठवडा पुढे किंवा मागे घेतली की चित्र बरोबर उलटं होतं, सकाळी ओहोटी आणि संध्याकाळी पण ओहोटी. तेच हॉटेल, तीच खोली, तेच भाडं, आणि ट्रिप मात्र पूर्ण वेगळी. कुठल्याही भरती-ओहोटीच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर त्या किनाऱ्याचं नाव टाकलं की पुढच्या कित्येक दिवसांच्या वेळा दिसतात, पाच मिनिटांचं काम आहे. भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक बहुतेक जागी इतका कमी असतो की हे बघायची गरजच नाही, आणि काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, पण तक्त्यात ते लगेच कळतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त वर येतं आणि जास्त लांब पण जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. मुलं अगदी लहान असतील तर मला भांगाचे दिवस बरे वाटतात, पण वेळा जुळत नसतील तर मी वेळेला जास्त महत्त्व देते.

आणि एक गोष्ट आई-वडील म्हणून माहीत असायलाच हवी. भरतीचं पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. साधारण सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोनच तासांत अर्धं पाणी वर येतं. ओहोटीला मुलं लांब एखाद्या वाळूच्या उंचवट्यावर खेळत बसलेली असतात, पहिला दीड-दोन तास काहीच फरक जाणवत नाही, आणि मग पाणी एकदम भराभर येतं, आणि समोरून येतं असंच नाही, उंचवट्याच्या मागच्या सखल भागातून आधी भरतं. तेव्हा ओहोटीची वेळ मोबाइलवर अलार्म लावून ठेवा आणि त्यानंतर तासाभरात सगळ्यांना बांधाच्या बाजूला घ्या, अलीकडे पण खेळता येतंच.

आता हॉटेल. बुकिंग साइटवरचे फोटो बाजूला ठेवा आणि आधी नकाशावर सॅटेलाइट व्ह्यू उघडा. 'समुद्रापासून 300 मीटर' हे अंतर सरळ रेषेत मोजलेलं असू शकतं, मध्ये हायवे आहे का, खाडी आहे का, कोणाचं कुंपण आहे का, ते वरून दिसतं. वाळू आहे की खडक आहेत हे पण दिसतं. मग फोन करून एकच प्रश्न विचारा, की गेटपासून वाळूपर्यंत कसं जायचं, पायऱ्या किती आणि कठडा आहे का. एका ठिकाणी आम्हाला समुद्र दोन मिनिटांवर सांगितला होता, होता पण दोन मिनिटांवर, फक्त मध्ये उंच दगडी बांध आणि खाली उतरायला नुसते ओबडधोबड दगड. सासूबाई वरच खुर्चीवर बसून राहिल्या, आम्ही खाली आणि त्या वर, काही बोलल्या नाहीत पण मला ते फार लागलं. तुमच्यासोबत आई-बाबा आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय, त्यांना वाळूपर्यंत स्वतःच्या पायाने जाता आलं पाहिजे, यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्या.

सी-व्ह्यूसाठी मात्र देऊ नका. दोन दिवस तुम्ही समुद्रावरच असणार, खोलीत झोपायला येणार, अंधारात समुद्र दिसत नाही. त्या पैशात अर्ली चेक-इन मिळत असेल तर ते घ्या. दुपारी 2 चं चेक-इन आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 11 चं चेक-आउट धरलं तर दोन रात्री म्हणजे 45 तास, त्यातले झोपेचे सोळा-अठरा गेले, त्यामुळे तीन-चार तास आधी खोली मिळाली तर तो फरक खूप जाणवतो, विशेषतः प्रवासाने दमलेल्या लहान मुलाला झोपवायचं असेल तर. शनिवारची रात्र टाळून रविवारी दुपारी पोचायचं आणि मंगळवारी निघायचं हे जमलं तर भाडं पण सहसा कमी असतं आणि गर्दी पण.

खोलीला समोरासमोर खिडक्या असतील तर ती घ्या. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, ते शाळेत शिकलेले खारे वारे, आणि रात्री उलटं, जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत हवा खेळत नाही आणि सगळी भिस्त एसीवर. आई-बाबांना तळमजला सोयीचा, पण तिथे ओल आणि डास जास्त असू शकतात, तरीही गुडघ्यांचा विचार करून मी तळमजलाच घेते. खोली वरची असेल तर पोचल्या पोचल्या गॅलरीचा कठडा हाताने हलवून बघा, खाऱ्या हवेत लोखंड आतून गंजतं आणि वरून रंग मारलेला असतो, आणि खुर्च्या-टेबल कठड्यापासून लांब ओढा, 4 वर्षांचं मूल त्यावर चढतंच.

समुद्राकाठचं स्वस्त हॉटेल आहे त्या वयापेक्षा जुनं दिसतं, हे मनात धरून जा. बिजागऱ्या गंजलेल्या, नळावर पांढरे डाग, भिंतीचे पोपडे, याने काही बिघडत नाही, ते मीठ आहे. बघायचं ते वेगळं, चादरी, उशा आणि गादीची शिवण. बॅगा आधी बाथरूममध्ये ठेवा, मग चादर उचलून गादीच्या कडेला काळे बारीक ठिपके आहेत का बघा, असतील तर ढेकूण आहेत, खोली बदलून मागा आणि शेजारची घेऊ नका. रिव्ह्यू वाचताना पण हाच फरक करा, कोणी 'जुनाट' लिहिलं तर सोडून द्या, कोणी चादरीबद्दल किंवा पाणी नसल्याबद्दल लिहिलं आणि तेच आणखी दोघांनी लिहिलं तर दुसरं हॉटेल बघा.

दोरी आणि चिमटे घेऊन जा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात, त्यामुळे नुसते वाळत घातलेले टॉवेल आणि कपडे दुसऱ्या दिवशी सकाळी पण दमट चिकट लागतात. आधी साध्या पाण्यातून पिळून काढा, मग वाऱ्यात घाला, वाळतात.

पाण्याबद्दल थोडं कडक बोलते. सकाळी समुद्र शांत, आरशासारखा दिसतो आणि वाटतं हीच वेळ हवा भरलेल्या ट्यूबवर पोरांना सोडायची. पण तेव्हा बऱ्याचदा वारा अजून जमिनीकडूनच असतो आणि हलकी फुलकी ट्यूब तो सरळ आत नेतो, मोठ्या माणसाला पोहत गाठता येत नाही. समुद्रात ट्यूब नकोच, ती पूलमध्ये ठेवा. दुसरं म्हणजे लाटा दोन्ही बाजूंना फुटतायत आणि मध्येच एक पट्टा शांत, जरा गडद दिसतोय, तिथे मुलांना नेऊ नका, तो बहुतेक वेळा रिप करंट असतो, किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथून परत आत जात असतं. कोणी सापडलंच तर त्या ओढीच्या विरुद्ध पोहायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जाऊन बाहेर पडायचं. लाइफगार्ड असलेला किनारा असेल तर तोच निवडा, पुष्कळ देशांत त्यांच्या हद्दीला लाल-पिवळे झेंडे लावतात, त्या दोन झेंड्यांच्या मध्येच राहायचं. आणि बुडणारं मूल ओरडत नाही, ते शांतपणे खाली जातं, म्हणून 4 वर्षांच्यासाठी एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, हातात मोबाइल नाही, आळीपाळीने. आजी-आजोबांवर ही जबाबदारी टाकू नका, त्यांना धावता येत नाही आणि काही झालं तर ते स्वतःला माफ करणार नाहीत.

स्वस्त रिसॉर्टच्या पूलवर बहुधा लाइफगार्ड नसतो, तिथे पण हाच नियम. तळ स्पष्ट दिसत नसेल तर उतरायचं नाही. आणि नाकात जाणारा तो क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ असा अर्थ नाही, घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून जे तयार होतं त्याचा तो वास असतो.

उन्हाचं सोपं आहे, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी झाली की मुलांना सावलीत आणा, ढग असले तरी. सनस्क्रीन एसपीएफ 30 चं पुरतं, ते जळजळ करणारी साधारण 97 टक्के किरणं अडवतं, 50 चं 98, म्हणजे महागाच्या मागे लागण्यापेक्षा दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत लावणं महत्त्वाचं.

शेवटचा दिवस बुकिंग करतानाच मागून घ्या. चेक-आउटनंतर बॅगा ठेवायला जागा आणि अंघोळीला एक बाथरूम मिळेल का, हे फोनवर विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या. साध्या हॉटेलवाल्यांकडे बऱ्याचदा एखादी खोली रिकामी असते आणि आधी विचारलं तर ते सहसा नाही म्हणत नाहीत, आयत्या वेळी रिसेप्शनवर पाच ओली माणसं उभी राहिली की मात्र अवघड होतं. हे मिळालं की 11 ला खोली सोडून पण दुपारी सावलीत बसता येतं, मुलांना अजून एकदा पाण्यात जाता येतं, आणि सगळे अंघोळ करून कोरड्या कपड्यात गाडीत बसतात. आई-बाबांना खाऱ्या अंगाने चार-पाच तासांचा प्रवास करायला लावू नका, बाकी काही नाही जमलं तरी एवढं नक्की करा.