‘हरित’ संकुलाचा एसटीपी बंद, आणि कंपनी म्हणते धोरण बदलले

प्रश्न : आमचे संकुल घोडबंदर रोडवर आहे. बिल्डर शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे. 2021 मध्ये बुकिंगच्या वेळी मिळालेल्या माहितीपत्रकात व्यवस्थापकीय संचालकांचे फोटोसह निवेदन होते : सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच पाणी फ्लशला व बागेला वापरले जाईल, सामाईक वीज सौरऊर्जेवर चालेल, इमारतीला ‘गोल्ड’ हरित मानांकन असेल. ताबा ऑगस्ट 2023 मध्ये मिळाला. एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, बहुतेक वेळ बंदच असतो, फ्लशलाही पालिकेचेच पाणी जाते आणि उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात. मानांकनाचे फक्त पूर्वप्रमाणपत्र दाखवतात. ते संचालक आता कंपनीत नाहीत. नवे व्यवस्थापन म्हणते, ‘ते आधीच्या नेतृत्वाचे धोरण होते, माहितीपत्रक हे निव्वळ कल्पनाचित्र असते.’ संस्थेने ‘काही तक्रार नाही’ असे पत्र दिले तरच कन्व्हेयन्स (जमीन व इमारत संस्थेच्या नावे) करू, असेही सांगतात. जुन्या संचालकांवर वैयक्तिक दावा करता येईल का? – एका सोसायटीचे खजिनदार, ठाणे

उत्तर : आधी त्या पत्राचे बघू. सही करू नका. अभिहस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स, करून देणे हे बिल्डरवर कायद्यानेच टाकलेले काम आहे, त्याच्या बदल्यात तुमच्याकडून काही मागायचा त्याला अधिकार नाही. अडवून धरले तर मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याच्या कलम 11 खाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणाचा अर्ज करा. एसटीपी ‘चालू स्थितीत ताब्यात घेतला’ अशा कागदावरही सही नको. एकदा ती झाली की उद्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस कंपनीऐवजी तुमच्या कमिटीच्या नावाने येऊ शकते.

आता संचालकांविषयी. तुमचा राग समजतो, पण नेम चुकतो आहे. माहितीपत्रकावर चेहरा कुणाचाही असो, आश्वासन कंपनीचे असते. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, व्यवस्थापकीय संचालक गेले म्हणून तिची देणी जात नाहीत. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 69 मध्ये कंपनीने केलेल्या गुन्ह्यासाठी त्या वेळी कारभार पाहणाऱ्यांना जबाबदार धरण्याची तरतूद आहे, पण ती गुन्ह्यांपुरती. तुम्हाला हवे आहे चालू एसटीपी आणि नुकसानभरपाई, आणि ती द्यायची आहे कंपनीने. माणसाच्या मागे लागलात तर ‘त्यांचा या प्रकल्पाशी दैनंदिन संबंध नव्हता’ एवढ्या एका मुद्द्यावर वर्ष निघून जाईल.

‘कल्पनाचित्र’ हा बचाव बिल्डर मंडळींचा फार आवडता आहे. पण रेराच्या व्याख्येत जाहिरातीत माहितीपत्रकही येते, आणि कलम 12 सांगते की जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाले तर बिल्डरने भरपाई द्यायची. खालच्या बारीक अक्षरांतल्या टीपेने हे कलम पुसता येत नाही. अट एकच, माहितीपत्रक वाचून पैसे भरले हे दिसले पाहिजे. म्हणून सभासदांकडून बुकिंगच्या पावत्या आणि त्याआधी आलेले माहितीपत्रक, ईमेल, व्हॉट्सॲप संदेश तारखांसह गोळा करा. दुसरा आधार कलम 14(3) : बांधकामात किंवा सेवासुविधांमध्ये ताब्यापासून 5 वर्षांत दोष निघाला आणि तो कळवला, तर 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. तुमची मुदत ऑगस्ट 2028 पर्यंत आहे.

मी तुमच्या जागी असतो तर माहितीपत्रकापेक्षा कंपनीने सरकारला काय लिहून दिले आहे ते आधी काढले असते. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला 2006 च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. तुमचे संकुल त्यात बसत असेल तर मंजुरीच्या अटी आणि त्यांच्या पालनाचे सहामाही अहवाल केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर शोधा किंवा माहिती अधिकारात मागा. त्या अहवालात ‘एसटीपी कार्यरत आहे’ असे लिहिलेले असेल, आणि दुसरीकडे तुमच्याकडे एसटीपीच्या स्वतंत्र मीटरची बिले असतील, तर त्या बिलांतले युनिट पुरेसे बोलके असतात. एसटीपीत हवा सोडणारा ब्लोअर विजेशिवाय फिरत नाही. जोडीला टँकरची बिले आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पाण्याचा अहवाल ठेवा.

पूर्वप्रमाणपत्राला हलके समजू नका. ते आराखड्यावर मिळते, अंतिम प्रमाणपत्र प्रत्यक्ष इमारत पाहून. ठाण्याला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित मानांकनासाठी वाढीव एफएसआय (बांधकामाचे जादा क्षेत्र) आहे : सिल्व्हरला 3, गोल्डला 5 आणि प्लॅटिनमला 7 टक्के. कबूल केलेले मानांकन मिळाले नाही तर दंडही आहे. तेव्हा महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे एकच माहिती मागा : या प्रकल्पाला हरित इमारतीपोटी वाढीव एफएसआय दिला होता का, आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अंतिम मानांकन तपासले का? उत्तर ‘हो, दिला’ आणि ‘नाही, तपासले नाही’ असे आले, तर ‘धोरण बदलले’ म्हणणाऱ्यांना बोलायला जागा उरणार नाही. त्या एफएसआयवर बांधलेली घरे त्यांनी विकलेली आहेत.

कंपनी बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांत असेल तर शेअर बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार ती दर वर्षी शाश्वततेचा अहवाल, म्हणजे बीआरएसआर, प्रसिद्ध करते. सेबीकडे तक्रार करून तुमचा एसटीपी सुरू होणार नाही. पण त्या अहवालात सांडपाण्याच्या पुनर्वापराविषयी जे लिहिले आहे ते महारेरापुढे, म्हणजे रेराखालच्या राज्याच्या प्राधिकरणापुढे, जरूर ठेवा. भागधारकांना एक आणि घर घेणाऱ्यांना दुसरे, हे कुठल्याच सुनावणीत शोभत नाही.

दाद कुठे मागायची? दुरुस्तीचा आदेश हवा तर महारेराकडे संस्थेची तक्रार, भरपाई हवी तर न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे कलम 71 खाली वेगळा अर्ज, आणि त्यात ज्याचे नुकसान त्याचे प्रतिज्ञापत्र. ग्राहक आयोगाचा रस्ता कायद्याने बंद नाही, पण तिथे 2 वर्षांची मुदत आहे आणि तुमच्या तारखा पाहता पहिला वाद त्यावरच होईल. मी महारेरा निवडेन. प्रक्रिया न केलेले पाणी नाल्यात सोडले जात असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाण्यातील कार्यालयात लेखी तक्रार वेगळी करा.

त्याआधी सर्वसाधारण सभा बोलवा आणि तक्रार करण्याचा, वकील नेमण्याचा व सही कोण करणार याचा ठराव घ्या, नाहीतर समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारपत्र मागतो. मग कलम 14(3) ची 30 दिवसांची नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवा, प्रकल्पाच्या साइट ऑफिसला नव्हे.